बादलीतले अकरा तुकडे

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका ताईंनी माझ्याकडे लेख मागितला. विषयही त्यांनीच दिला, ‘माझे हॉलिवूडमधले दिवस’. मी हॉलिवूड पाहिलेलं नाही. आम्ही राहतो त्या सनीव्हेलपासून ते गाडीने सहा तासांवर आहे आणि माझा मुलगा म्हणतो, तिथे बघण्यासारखं काही नाही. मी ताईंना नाही म्हटलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, कामाबद्दल स्वतःपुरतं लिहून ठेवावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, त्यामुळे वाक्यं छोटी येतील. वही माझीच आहे, तेव्हा चालेल.

मी जुन्या मूकपटांची रिळं तपासते. आमच्या घरापासून पाऊण तासावर एक लहान गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे सिनेमे बनत असत. आता एक रस्ता, दोन कॉफीची दुकानं आणि एक संग्रहालय आहे. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. टेबलावर दोन चक्रं. डावीकडचं रीळ उजवीकडच्या चक्रावर हळूहळू गुंडाळायचं, आणि पट्टीची कड अंगठा आणि बोट यांच्यात धरायची. कुठे चीर असेल, कडेची भोकं फाटली असतील, जुना जोड सुटत असेल, तर ते बोटाला आधी कळतं आणि डोळ्याला मागाहून. मग चक्र थांबवायचं, दुरुस्ती करायची, कार्डावर आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. एका रिळाला कधी दोन तास लागतात, कधी दोन दिवस. पाहणाऱ्याला वाटतं, बाई बसून आहे.

हे काम मी मुंबईत बावीस वर्षं केलं होतं. वरळीच्या एका लॅबमध्ये मी निगेटिव्ह कटिंगला होते. एडिटर सिनेमा कापून जोडून तयार करतो ती नुसती कच्ची प्रत असते. त्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापायची, ती आम्ही बायका कापत असू. मूळ निगेटिव्ह एकच असते. चुकीचं कापलं तर दुसरी नाही. पुढे सगळे सिनेमे कॉम्प्युटरवर होऊ लागले आणि लॅब बंद पडली. मला वाटलं, हे काम जगातून गेलं. मग यजमान गेले आणि मुलाने मला इकडे आणलं.

नोकरी मिळाली ती माझ्या वाईट वागण्यामुळे. माझी सून ऋता मला एका रविवारी संग्रहालय दाखवायला घेऊन गेली होती. दोरीच्या पलीकडे एक उंच, म्हातारा गृहस्थ लोकांना रीळ गुंडाळून दाखवत होता. तो बोलत होता लोकांशी आणि हात फिरत होता भराभर. पट्टी कडेने चिरत चालली होती. आवाज येत होता तो मला ऐकवेना. मी दोरीखालून वाकून आत गेले आणि त्याचा हात दांड्यावरून उचलून बाजूला ठेवला. मी वाण्याकडे नासकं खोबरं परत करायला लाजते. तरी हे झालं.

ऋता मागून म्हणाली, “आई, काय करताय? सॉरी, सो सॉरी, शी इज माय मदर-इन-लॉ.”

तो गृहस्थ माझ्या हातांकडे बघत राहिला. मी पट्टी सरळ केली आणि कसं फिरवायचं ते दाखवलं. त्याने ऋताला विचारलं, “ह्या हे कुठे शिकल्या?” तो वॉल्टर. संग्रहालयाचा प्रमुख तोच, तिकिटं फाडायलाही तोच. लॅबमध्ये मला सगळे लीलाबाई म्हणत, असं ऋताने त्याला सांगितलं. तेव्हापासून वॉल्टर मला एका दमात ‘लीलाबाई’ म्हणतो.

जुनी फिल्म नायट्रेटची असते आणि पेट घेते. एकदा पेटली की पाण्यातही जळते, वाळूनेही विझत नाही. वॉल्टरने हे पहिल्या दिवशी मला तीन वेळा सांगितलं. खंडेनवमीला मी टेबलाची पूजा करायची परवानगी मागितली. त्याने विचारलं, पूजेत काय काय असतं? ऋताने फोनवर इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, फुलं ठीक आहेत, हळद फिल्मपासून दूर, आणि निरांजन त्याने स्वतः रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानात नेऊन लावलं. दुकानदाराने कारण विचारलं नाही.

ह्याच कारणाने नायट्रेटचे कापलेले तुकडे कधी कचऱ्याच्या डब्यात टाकायचे नाहीत. माझ्या टेबलाशेजारी झाकणाची एक बादली असते, पाण्याने भरलेली. तुकडा कापला की त्या पाण्यात, माझा असो की वॉल्टरचा आणि इतर मदतनिसांचा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक गाडी येते आणि ते सगळं घेऊन जाते.

आता साहेबांबद्दल, म्हणजे ज्या जुन्या नटाला मी मनात साहेब म्हणते त्यांच्याबद्दल. त्यांचं नाव पेनफोल्ड. इंग्लंडचे. एका नाटक कंपनीबरोबर बोटीने अमेरिकेत आले, कंपनी कुठल्याशा गावात बुडाली आणि ते पोटासाठी सिनेमात शिरले. संग्रहालयात त्यांच्या सिनेमांची तीस-बत्तीस रिळं होती आणि ती माझ्याकडे जशी डबे उघडले जातील तशी आली. त्यामुळे मी साहेबांना आधी म्हातारे पाहिले. एका बोलपटात ते हातात ट्रे घेऊन दारातून येतात, ट्रे ठेवतात आणि जातात. एक शब्द नाही. मग पुढच्या महिन्यात तरुण, जाड मिशा, शेतकऱ्याच्या मुलीला घोड्यावर टाकून पळवणारे. मग मध्यमवयीन, न्यायाधीश. मग एकदम विशीतले, टोपी उडालेली, पोलिस मागे लागलेला. कोणी माणसाचं आयुष्य पत्त्यांसारखं पिसून द्यावं तसं. पण एक होतं. कुठल्याही वयात, दाराबाहेर जाताना ते क्षणभर थांबून चौकटीला हात लावत. मला रीळ नुसतं उजेडावर धरलं तरी तो हात ओळखू येई.

मला इंग्रजी वाचता येत नाही, बोललेलं ऐकून ऐकून कळायला लागलं, पण माझं काही अडलं नाही. मुके सिनेमे. मध्येमध्ये पाट्या येत, अक्षरांच्या, त्या मी भराभर पुढे नेई.

एका मंगळवारी डोरथी आली. वृद्धाश्रमाची छोटी बस तिला सोडून गेली. वय एकोणनव्वद, पाठ ताठ, मांडीवर पत्र्याचा गंजका डबा. ती साहेबांची नात. डबा तिच्या आईच्या गॅरेजमध्ये होता. तिने तो वॉल्टरपुढे ठेवला आणि म्हणाली, “पुस्तकांत माझ्या आजोबांना नट म्हणतात. तिसऱ्या नंबरचा नट. हा सिनेमा त्यांनी दिग्दर्शित केला आहे. मला ते कुठेतरी लिहिलेलं बघायचं आहे आणि माझ्याकडे फार वेळ नाही.”

वॉल्टर म्हणाला, “फिल्मवर नाव असेल तर आमच्या यादीत लिहीन, कार्यक्रमपत्रिकेत छापीन. फिल्मवर नसेल तर नाही लिहिता येणार.”

“असणारच,” ती म्हणाली.

तेव्हापासून ती दर मंगळवारी येऊ लागली. माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसे. मी चहा केला. दूध, साखर, आलं घालून उकळलेला. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर तुला अटक करवली असती.” मग दोन कप प्याली.

डब्यात निगेटिव्ह निघाली. ह्या संग्रहालयात माझ्या हाती आलेली पहिली निगेटिव्ह. मी मनातून खूश झाले, म्हणजे माहेरचं माणूस भेटावं तशी. पट्टी आकसलेली होती, पण कुजली नव्हती. मात्र ती भयंकर कापाकापी केलेली होती. चांगलं चित्र चालू असताना मध्येच तीन फ्रेम कसलीतरी अक्षरं, पुन्हा चित्र. पुढे गेलं की पुन्हा तीन फ्रेम अक्षरं. एका ठिकाणी दोनच. अगदी सुरुवातीला तीन फ्रेमचा एक तुकडा, त्यावर बऱ्याच ओळी. पाटी वाचायची तर ती पडद्यावर चार-पाच सेकंद दिसावी लागते. तीन फ्रेम म्हणजे पापणीही लवत नाही. कोणाही कटिंगवालीला हे काय आहे ते कळेल. हा कचरा आहे. शॉटच्या टोकाला राहून गेलेले तुकडे, जे कापायचे राहिले. वर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे जोड वाळून सुटायला आलेले. फिल्म कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या स्कॅनरमध्ये ते नक्की तुटले असते.

वॉल्टरचा नियम होता, चित्राची एकही फ्रेम गमवायची नाही. मी एकही गमावली नाही. तांदळातून खडे निवडावेत तसे मी ते अकरा तुकडे काढले, बावीस वाईट जोडांच्या जागी अकरा चांगले घातले, तुकडे बादलीत सोडले आणि कार्डावर लिहिलं, जोड ११. बावीस वर्षांत इतकं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचित झालं होतं. घरी जाताना ऋताने विचारलं, “आज एकदम खूश दिसताय?” मी म्हटलं, “काम चांगलं झालं.”

वॉल्टरने स्कॅन करून पाहिलं. चित्र सुंदर होतं. पाटी एकही नाही. नावंही नाहीत. तो म्हणाला, त्या काळी पाट्यांची निगेटिव्ह कधी वेगळ्या डब्यात ठेवत. तो डबा हरवला असणार. माझे जोड त्याला दिसले नाहीत, इतके ते बेमालूम होते.

पुढच्या मंगळवारी त्याने डोरथीला सांगितलं. तिने हातमोजे काढलेले होते ते पुन्हा घातले, मग पुन्हा काढले. “म्हणजे नट,” ती म्हणाली.

“सध्या तरी,” वॉल्टर म्हणाला.

“माझ्या वयाला सध्या म्हणजेच कायम, वॉल्टर.”

त्याच दुपारी कॉलेजची काही मुलं-मुली आली होती. वॉल्टर त्यांना मागच्या खोलीत उभं करून माहिती देत होता. मी माझं रीळ गुंडाळत होते. त्याचं बोलणं मला आता बरंचसं कळतं, तो सावकाश बोलतो. तो सांगत होता, जुन्या निगेटिव्हमध्ये पाट्यांचं काय करत. कधी वेगळा डबा. आणि कधी, फिल्म वाचवायला, पाटीच्या फक्त दोन-तीन फ्रेम त्या जागी चिकटवून ठेवत, लॅबला कळावं म्हणून की इथे लांब पाटी घालायची आहे. त्याने तीन बोटं वर करून दाखवली. “नवख्या माणसाला हा कचरा वाटतो,” तो म्हणाला. मुलं हसली.

मी रीळ गुंडाळत राहिले. संपलं तेव्हा कळलं की कार्डावर मी काहीच लिहिलेलं नाही. ते रीळ पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

तो मंगळवार होता. शुक्रवारी गाडी येणार होती.

बुधवारी मला सुट्टी असते. मी दिवसभर घरात होते. चार वेळा फोन हातात घेतला. सांगितलं तर नोकरी जाईल हे उघड होतं. नाही सांगितलं तर कोणालाच कळणार नाही हेही उघड होतं, बादली रिकामी झाली की झालं. मला दोन्ही गोष्टी अगदी स्पष्ट दिसत होत्या. मी भाजी दोनदा फोडणीला टाकली. संध्याकाळी ऋताने विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “आई, मी मेसेज करून टाकू का त्याला? जस्ट पोलाइटली?”

“नको. असं मेसेजने सांगायचं नसतं.”

“मग उद्या मी सुट्टी टाकते. मी बोलते, तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा.”

“नुसतं बाजूला उभं राहून मी आयुष्य काढलंय. उद्या नको.”

“ओके. पण ड्राइव्ह तर मीच करणार ना?”

“ते कर.”

गुरुवारी सकाळी मी वॉल्टरपुढे कार्ड ठेवलं. ११ वर बोट ठेवलं. मग तीन बोटं वर केली, त्याने मुलांना दाखवली होती तशी. मग बादलीकडे बोट दाखवलं. रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य आलंच नाही. त्याची गरजही पडली नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, “ओके.” इथले लोक फार रागावले की ओके म्हणतात. मग त्याने कोट काढून बाह्या वर केल्या.

बादलीत पूर्ण महिन्याचे तुकडे होते, दोनशे तरी. फिल्मवर चित्र असतं ते सरसाच्या एका थरात असतं, आणि पाण्यात राहिला की तो थर भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो. बोट लागलं की चित्र बोटाला येतं. आम्ही तीन तबकांत थंड पाणी घेतलं आणि एकेक तुकडा काचेच्या पट्टीवर अलगद उचलून बघत गेलो. माझे तुकडे मला ओळखू येत होते, मी काप अगदी सरळ घेते, इतर सगळे थोडे तिरके घेतात. जेवणाच्या वेळेपर्यंत सहा सापडले. एकावरची अक्षरं उचलतानाच घसरून पाण्यात गेली, काळ्या मुंग्यांसारखी, आणि विरघळली. वॉल्टरने पुढचा तुकडा उचलला. चार वाजेपर्यंत दहा झाले. अकरावा, ज्यावर बऱ्याच ओळी होत्या तो, मिळेना. बादली रिकामी झाली. मी ती उजेडात तिरकी धरली. तो तुकडा आतल्या बाजूला, कडीखाली चिकटून बसला होता.

मी त्यावर थेंबथेंब पाणी सोडत तो काचेवर घेतला. तिन्ही फ्रेम शाबूत. मी तो वॉल्टरच्या हातात दिला तेव्हा मला रडू येत होतं, आनंदाने. डोरथीचं काम झालं होतं.

वॉल्टरने फोटो काढला, कॉम्प्युटरवर उलटा होता तो सुलटा केला, आणि वाचला. मग पुन्हा वाचला. मी विचारलं, “साहेब?” त्याने पडद्यावर बोट ठेवलं. वर सिनेमाचं नाव. त्याखाली दिग्दर्शकाचं नाव. पेनफोल्ड हे नाव मी डब्यांवर इतक्या वेळा पाहिलं होतं की मला त्याचा आकार पाठ होता. हा तो आकार नव्हता. वॉल्टरचं बोट खाली आलं, नटांच्या यादीत, तिसऱ्या ओळीवर.

“हे इथे आहेत,” तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी डोरथी आली. वॉल्टर म्हणाला, तिला मी सांगतो. मी चहा टाकला. पण त्याच्याने सुरुवात होईना, तेव्हा मीच बसले तिच्यासमोर आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं. मी कापलं, मी टाकलं, मी शोधलं, आणि त्यात त्यांचं नाव नाही. म्हणजे आहे, पण खाली. चार-पाच वाक्यं. आयुष्यातलं माझं सगळ्यात लांब इंग्रजी भाषण तेच.

तिने फोटो हातात घेतला.

“दर ख्रिसमसला सांगायचे,” ती म्हणाली. “टर्की कापता कापता. कॅमेरा कुठे ठेवला, हिरोईन का रडली, खरा दिग्दर्शक दिवसभर गाडीत कसा झोपलेला असायचा.”

वॉल्टर म्हणाला, “तसं होतही असे. पुष्कळांनी सांगितलंय. काहींचं खरं असेल.”

“पण तू ते लिहिणार नाहीस.”

“नाही.”

“बरोबर आहे. नियम मीच मान्य केला होता.” मग ती माझ्याकडे वळली. “तू हा तुकडा बाहेर काढलास तेव्हा त्यावर काय आहे ते तुला वाचता येत नव्हतं?”

“नाही.”

“आलं असतं तर?”

“तरी दिला असता,” मी म्हटलं.

“मी नसता दिला,” डोरथी म्हणाली, आणि कप पुढे केला.

मी जे उत्तर दिलं त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी ते मनापासून दिलं होतं. तुकडा कडीखाली होता, वॉल्टरची पाठ माझ्याकडे होती आणि शुक्रवारची गाडी यायची होती. मी गप्प राहिले असते तर साहेब आणखी काही वर्षं, निदान डोरथी आहे तोवर, दिग्दर्शक असू शकले असते. वाचता आलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला खरोखर माहीत नाही.

नोकरी गेली नाही. वॉल्टरने भिंतीवर एक कागद लावला, कापण्याआधी दाखवा, आणि त्याखाली स्वतःसाठीही एक ओळ घातली, दाखवल्यावर बघा.

महिन्याभराने सिनेमा दाखवला, पाट्या जागच्या जागी घालून. एक विरघळलेली होती, तिथे नुसता काळा पडदा ठेवला. चाळीस-पन्नास लोक आले. डोरथीला वॉल्टरने दोन शब्द बोलायला सांगितलं. ती खुर्चीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “माझे आजोबा सांगायचे की हा सिनेमा त्यांनी दिग्दर्शित केला. तसं कुठे लिहिलेलं नाही. ते घोड्यांच्या पाण्याच्या टाकीत पडतात, ते बघा. एवढं नक्की त्यांनी स्वतः केलेलं आहे.”

मी नेहमीसारखी मागे, मशीनपाशी उभी होते. सातव्या मिनिटाला साहेब आले. मुलीला फूल देतात, मागे सरकत वाकून नमस्कार करतात, आणखी एक पाऊल मागे, आणि टाकीत. लोक मोठ्याने हसले. डोरथी हसली नाही. तिने मान न वळवता हात वर केला.

“वॉल्टर,” ती म्हणाली, “परत.”

वॉल्टरने सिनेमा थांबवून उलटा फिरवला. सगळं पाणी टाकीत परत गेलं, साहेब पाय वर करून बाहेर आले, उभे राहिले, कोरडे झाले, टोपी आपोआप डोक्यावर बसली. मुलीकडून फूल परत आलं. त्यांनी ते नीट हातात धरलं. वॉल्टरने सिनेमा सुलटा सोडला, त्यांनी फूल मुलीला दिलं, आणि पुन्हा मागे सरकायला लागले.